पंच्याखालचा थंडरबुल

मित्रांनो, खांद्यावर टाकायच्या साध्या सुती कापडाला त्याची जन्मकथा कोणी विचारत नाही, म्हणून आज मीच तोंड उघडतो आहे. मी एक पंचा आहे. जुना, दोन ठिकाणी रफू केलेला आणि एका कोपऱ्याला कायमचा पिवळा पडलेला. तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, याने फार तर ओटा पुसावा. पुसतातही. पण माझ्याखाली काय काय घडलं आहे ते ऐकलंत, तर ओटा पुसणारा हात जरा थांबेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. मला छाती नाही, ते सोडा.

माझा जन्म मालेगावचा, १९९१ सालचा. तिथल्या एका यंत्रमागावर, कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात मी विणला गेलो. गठ्ठ्यातून निघून आठवडे बाजारात आलो. तिथे धोंडाबाई नावाच्या बाईने मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं, दुकानदाराशी पोटभर भांडण केलं आणि आपल्या नवऱ्यासाठी घेतलं. तिचे यजमान म्हणजे खंडेराव. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका खेड्यात त्यांचं घर, आणि धंदा जनावरांच्या दलालीचा. घोटीचा बाजार असो, सिन्नरचा असो की मालेगावचा, बैल घेणारा आणि बैल विकणारा यांच्या मधोमध खंडेराव उभे असायचे आणि त्यांच्या खांद्यावर मी.

आता तुम्ही विचाराल, दलालाच्या धंद्यात पंच्याचं काय काम? अरे बाबांनो, सगळं कामच पंच्याचं! त्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलायची रीत नव्हती. घेणारा आपला हात पुढे करायचा, खंडेराव तो आपल्या हातात घ्यायचे आणि वरून मला पसरायचे. मग माझ्याखाली बोटं बोलायची. एक बोट दाबलं की एक, मूठभर धरलं की पाच. वर सगळे जण आभाळाकडे बघत उभे, जसं काही चाललंच नाही. मग खंडेराव वळून विकणाऱ्याचा हात धरायचे, पुन्हा मी, पुन्हा बोटं. जमलं की ते मला झटकून खांद्यावर टाकायचे आणि ओरडायचे, "सौदा झाला!"

ही लपवाछपवी फसवण्यासाठी नव्हती हो. बैलाभोवती बघे जमलेले असतात. कोणी मोठ्याने कमी भाव सांगितला, तर धन्याची चारचौघांत मान खाली जाते. धन्याला गरजेपायी भाव उतरवावा लागला, तर तो उतरवताना आपल्याला कोणी पाहू नये असं त्याला वाटतं. माझ्याखाली प्रत्येकाची झाकली मूठ राहायची. "खंडेरावाच्या पंच्याखालची गोष्ट पंच्याखालीच राहते," असं लोक म्हणायचे. ते ऐकलं की मी उन्हातही ताठ व्हायचो. अर्थात धोंडाबाई मला धुऊन खळ घालायच्या, त्याचीही थोडी करामत होती.

पण दिवस बदलले. गावात ट्रॅक्टर आले, द्राक्षबागा वाढल्या, बैल कमी झाले. उरलेसुरले व्यवहार लोक मोबाईलवर, तेही ओरडून करू लागले. खंडेरावांचे गुडघे दुखू लागले आणि त्यांनी बाजार सोडला. मी हात पुसायला लागलो, मग भांडी, मग एकदा तर सायकलची चेन. कोणाला सांगू? खंडेराव मात्र कुठे बाहेर निघाले की मला धुऊन घ्यायचे आणि माझ्या एका कोपऱ्यात खंडोबाच्या भंडाऱ्याची, म्हणजे देवाच्या हळदीची, गाठ मारायचे. तेवढाच काय तो मान उरला होता.

आणि मग आलं २००५ साल, उन्हाळ्याची सुट्टी आणि हर्षालीची कार्डं.

हर्षाली ही खंडेरावांची नात. सातवीतून आठवीत गेलेली, बोलायला तिखट आणि रडायला हळवी. त्या काळात मुलांमध्ये 'मॉन्स्टर कार्डां'चं वेड आलं होतं. प्रत्येक कार्डावर एक राक्षस, त्याची ताकद आणि त्याची युक्ती; सगळ्यात भारी कार्डं सोनेरी. दोघांनी समोरासमोर बसायचं, आपापली कार्डं पिसायची आणि राक्षसांची झुंज लावायची. हर्षालीने अदलाबदल करून करून एक जाडजूड अल्बम भरला होता. त्यात तिचा जीव की प्राण होता 'थंडरबुल'. विजा अंगावर खेळवणारा, लाल डोळ्यांचा बैल.

खंडेरावांना बाकी राक्षसांशी कर्तव्य नव्हतं. पण हा बैल दिसल्यावर त्यांनी चष्मा लावला.

"हर्षे, खांदा लय मजबूत हाय गं याचा," ते म्हणाले. "दाती किती असंल?"

"आबा, तो राक्षस आहे. त्याचे दात मोजत नाहीत."

"राक्षस का असंना. शिंगं बघ, कशी जोडीची हायेत. खिलारी दिसतोय."

हर्षालीने कपाळावर हात मारला. पण तेव्हापासून आबा रोज सकाळी विचारायचे, "आपला बैल कसा हाय?"

तर गंमत अशी की हर्षालीला स्वतःला खेळायला फारसं जमत नसे. ती घाईने भडकायची आणि हरायची. खेळायची ती तृप्ती, तिची मावसबहीण. तृप्तीचे वडील लष्करात, म्हणून ते सगळे देवळाली कॅम्पला राहायचे. तृप्ती शांत पोरगी, डाव टाकताना पापणीही हलवायची नाही. नाशिकमध्ये शनिवार-रविवारी कॉम्प्युटर गेमची आणि मॉन्स्टर कार्डांची मोठी स्पर्धा आहे आणि तृप्ती त्यात उतरणार आहे हे कळलं, तेव्हा हर्षालीने आपला थंडरबुल तिला खेळायला द्यायचं ठरवलं. काळजाचा तुकडाच दिला म्हणा ना! आणि स्वतः जाणार होती ती फक्त ओरडायला. द्राक्षाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिने त्यावर लाल रंगात 'तृप्ती जिंकणारच' असं लिहिलं. उलट्या बाजूला द्राक्षाचा घड छापलेला होता, त्याला इलाज नव्हता.

हर्षालीचे वडील द्राक्षबागेच्या छाटणीत अडकलेले, म्हणून तिला घेऊन निघाले आबा. धोतर, टोपी आणि धुऊन ताजा केलेला मी.

स्पर्धा होती एका मंगल कार्यालयात. त्या दोन दिवसांत लग्नाची तिथी नव्हती, म्हणून आयोजकांना ते मिळालं होतं. वरपक्षाच्या खोलीत कॉम्प्युटर मांडले होते आणि मुलं त्यांवर मोटारी पळवत होती. हॉलमध्ये पंगतीच्या लांब टेबलांवर कार्डांचे डाव रंगले होते. नवरा-नवरी बसतात त्या व्यासपीठावर अंतिम सामन्याचं टेबल. आयोजक होता दीपक, नाशिकमध्ये गेमचं छोटं दुकान चालवणारा, गळ्यात शिट्टी आणि घसा बसलेला तरुण.

आबा आत शिरले आणि एका मुलाने हर्षालीला विचारलं, "तुझे आजोबा चुकून लग्नाला आलेत का?"

हर्षाली लालेलाल झाली. "आबा, तुम्ही मागे बसा ना," ती पुटपुटली. आबा निमूटपणे चपलांच्या रॅकजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण डाव सुरू झाले आणि आबा कसले बसतात! त्यांना नियम कळले नाहीत, पण झुंज कळली. तृप्तीने थंडरबुल टाकला की ते उठून उभे राहायचे, मला गरगर फिरवायचे आणि ओरडायचे, "हाण! सोडू नको!" हर्षाली पुठ्ठा नाचवत होती. एकेक करत तृप्तीने सगळ्यांना मागे टाकलं. संध्याकाळी उपांत्य सामन्यात तिच्यासमोर आला धनराज. नाशिकचा पोरगा, नवा टी-शर्ट, केस जेल लावून उभे केलेले, आणि मागे त्याच्या मित्रांचं टोळकं. "धन्या, उडव तिला!" असा त्यांचा गलका. धनराज चांगलाच खेळला. पण शेवटी तृप्तीचा थंडरबुल आला आणि धनराज हरला. टोळकं लगेच त्याच्यावर उलटलं. "मुलीकडून हरलास रे!" धनराज ओठ चावत कार्डं गोळा करत राहिला.

तृप्ती अंतिम फेरीत पोचली होती. हर्षालीचा आवाज पार गेला होता, पण चेहरा असा की विचारू नका.

रात्रीचा मुक्काम देवळाली कॅम्पला मावशीकडे झाला. आणि मित्रांनो, सकाळी आबांनी ती गोष्ट केली.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. बैलाने शर्यत मारली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा. त्यांच्या वडिलांनी लावला होता, आजोबांनी लावला होता. आंघोळ करून ते ओल्या हातांनीच आले, माझ्या कोपऱ्याची गाठ सोडली, चिमूटभर भंडारा घेतला, टेबलावर ठेवलेल्या तृप्तीच्या कार्डांच्या डबीतून थंडरबुल काढला आणि "येळकोट येळकोट" म्हणत त्याच्या कपाळाला चांगला ठसठशीत टिळा लावला. मग त्याला नीट पाठीवर थोपटलं. कार्ड परत डबीत. कोणाला सांगायचं कशाला? देवाचं काम गुपचूप केलेलं बरं.

अंतिम सामन्याआधी कार्डं तपासायची असतात. दीपकने तृप्तीची कार्डं टेबलावर मांडली आणि त्याचा हात थांबला.

"हे काय? वरण सांडलं का?"

त्याने कार्ड उलटं केलं. पुढे बैलाच्या कपाळावर टिळा, आणि मागच्या बाजूला पाच पिवळ्या बोटांचे ठसे.

"तृप्ती, हे चालणार नाही गं," तो हळू आवाजात म्हणाला. "पाठीवर खूण असलेलं कार्ड पालथं असतानाही ओळखू येतं. नियमच आहे तसा."

तृप्तीने हर्षालीकडे पाहिलं, हर्षालीने कार्डाकडे. हळदीचा डाग ओळखायला तिला किती वेळ लागणार? मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आबा उभे राहिले होते.

"म्या लावला," ते म्हणाले. "काल जिंकला ना तो. म्हणून लावला."

सगळा हॉल हसला. कोणीतरी म्हणालं, "आजोबा, नारळपण फोडायचा ना!" आणि हर्षालीचा बांध फुटला.

"आबा, तुम्ही आलातच कशाला?" ती सगळ्यांसमोर ओरडली. "सगळं घालवलंत तुम्ही!"

आबांनी मला खांद्यावरून काढलं, माझी घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. बाजारात भल्याभल्यांच्या शिव्या खाऊन हसणारा माणूस तो. त्या दिवशी मात्र त्यांना माझी एक घडी धड घालता येईना.

दीपक माणूस चांगला. तो म्हणाला, "हे बघा, नोंदवलेलं कार्डच खेळायला लागतं. पण कोणाकडून दुसरा थंडरबुल मिळाला तर मी चालवून घेईन. आधी कॉम्प्युटरचा अंतिम सामना लावतो. तो संपेपर्यंत आणा. नाहीतर समोरच्याला विजयी घोषित करावं लागेल."

हर्षाली अल्बम छातीशी धरून हॉलभर फिरली. "थंडरबुल आहे का? काहीही घ्या बदल्यात." कोणाकडेच नव्हता. दुर्मीळच कार्ड ते. शेवटी एक जण म्हणाला, "धनराजकडे आहे."

झालं! ज्याला काल हरवलं, त्याच्याकडेच!

धनराज खांबाला टेकून उभा होता, भोवती टोळकं. हर्षालीने मनाचा हिय्या करून अल्बम पुढे केला. त्याने पानं उलटली. एका पानावर तो थांबला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि टोळकं सुरू झालं.

"सोनेरी कार्डं माग, सोनेरी! चार माग!"

"येडा आहेस का धन्या? जिने हरवलं तिलाच बैल देतोस?"

"दे, दे! मग राखीपण बांधून घे तिच्याकडून!"

धनराजचे कान लाल झाले. त्याने अल्बम फाटकन मिटला. "नाही द्यायचा मला. जा."

हर्षालीने पुन्हा विनवलं, तो पुन्हा नाही म्हणाला. ती परत आली ती थेट चपलांच्या रॅकजवळ, आबांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. मघाशी ज्यांना वाटेल तसं बोलली, त्यांच्याचजवळ येऊन रडली. मुलांचं असंच असतं.

आबा बराच वेळ धनराजकडे बघत होते. मग म्हणाले, "हर्षे, त्याला द्यायचाय."

"नाही म्हणाला तो! दोनदा!"

"तोंड नाय म्हणतं गं. हात बघितला का त्याचा? खिशाकडं गेला अन् मागं आला. त्याला काय तरी पाहिजेल हाय तुझ्याकडलं, पण या पोरांपुढं मागायची चोरी झालीय." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "चल. डोळे पूस. माझ्या पंच्याला पूस, तो त्यासाठीच हाय."

खोटं! मी कशासाठी आहे ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. किती वर्षांनी आबांनी मला तसा झटकला! माझा सुताचा जीव तो, पण धडधडायला लागला.

आबा टोळक्यात शिरले आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढून धनराजसमोर बसले. "दादा, जरा बसतो का? माझ्या नातीशी बोलू नको. माझ्याशी पण बोलू नको. तोंडाचं कामच नाय."

"जादू दाखवणार का आजोबा?" टोळकं खिदळलं.

"जादूच समजा. हा आल्बम एकदा सगळा बघून घे, मनात ठेव आणि मिटून टाक. मग माझा हात धर. जे पाहिजेल त्याचं आधी पान सांग, मग ओळ, मग कार्ड. नुसती बोटं दाबायची. मी तिकडं तसंच सांगतो. मला या राक्षसातलं कायबी कळत नाय, म्हणून माझ्याकडून फुटायची भीती नाय. पटलं तर हो, नाय पटलं तर आपापल्या घरी. कोणाला कळणार नाय कोणी काय मागितलं."

धनराजने मित्रांकडे पाहिलं, मग आबांकडे. काय वाटलं कोण जाणे, तो बसला. त्याने अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, प्रत्येक पानावर सारखाच थांबत, आणि मिटून हर्षालीला दिला. हुशार पोरगं! मग त्याने हात पुढे केला आणि मी त्या दोन हातांवर पसरलो गेलो.

त्याचा तळवा घामाने चिंब होता. एवढं टोळकं घेऊन हिंडणारा मुलगा, पण माझ्याखाली तो अगदी एकटा होता. त्याने पान दाबलं. थांबला. ओळ दाबली. मग बराच वेळ काही नाही. टोळकं वाकून वाकून बघत होतं, पण त्यांना दिसणार काय? माझी सुरकुती! शेवटी त्याने कार्डाचं बोट दाबलं, आणि चूक व्हायला नको म्हणून पुन्हा एकदा दाबलं.

आबा हर्षालीकडे वळले. तिचा हात माझ्याखाली आला. ती आधीच मनाची तयारी करून बसली होती. हा नक्की सोनेरी मागणार, एक नाही तर दोन, आणि तृप्तीसाठी आपण देऊन टाकू. तिने बोटं मोजली, टोळक्याला दिसणार नाही असा अल्बम उघडला, पान, ओळ, कार्ड. आणि ती बघतच राहिली.

मित्रांनो, ते कार्ड कोणतं होतं, हे मी तुम्हाला सांगणार नाही. रागावू नका. माझ्याखालची गोष्ट मी कधीच बाहेर सांगितली नाही, ती आज कशी सांगू? इतकंच सांगतो की ते सोनेरी नव्हतं आणि भारीही नव्हतं. ते असं कार्ड होतं की धनराजने ते मोठ्याने मागितलं असतं, तर त्या टोळक्याने त्याला वर्षभर चिडवून नको नको केलं असतं. हर्षालीकडे तर ते असंच पडून होतं.

तिला हसू फुटलं. खरंच फुटलं, ओठांच्या टोकापर्यंत आलं. तिने मान वर करून धनराजकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, मान खाली घालून, कोणीतरी हसेल याची वाट बघत. आणि हर्षालीने ते हसू गिळलं. मघाशी सगळा हॉल आबांवर हसला होता, तेव्हा आबांचा चेहरा कसा झाला होता ते तिला तेव्हा दिसलं नव्हतं. ते आत्ता दिसलं, या मुलाच्या चेहऱ्यात. तिने कार्ड काढलं, पालथं धरलं आणि माझ्याखाली सरकवलं. दुसऱ्या बाजूने थंडरबुल आला.

आबांनी मला झटकून खांद्यावर टाकलं. "सौदा झाला!" अख्ख्या कार्यालयात घुमेल असे ओरडले ते. वरपक्षाच्या खोलीतली मुलंसुद्धा बाहेर डोकावली. मला तर वाटलं, मी घोटीच्या बाजारात आहे.

अंतिम सामना झाला. तृप्ती जीव तोडून खेळली. हर्षालीचा आवाज नव्हताच, तिने पुठ्ठ्यावर थापा मारून मारून द्राक्षाचा घड फाडला. आणि मागून, खांबाजवळून, एकच आवाज सारखा येत होता, "थंडरबुल काढ! आत्ता काढ!" तो धनराज होता. ज्याचा बैल, त्याची ओढ. शेवटच्या डावात तृप्ती हरली, अगदी थोडक्यात. दुसरी आली. दीपकने तिच्या गळ्यात पदक घातलं तेव्हा ती दोन दिवसांत पहिल्यांदाच खळखळून हसली. "खेळायला मिळालं ना," ती म्हणाली, "नाहीतर न खेळताच दुसरी आले असते."

"शर्यत हरला म्हणून बैल वाईट नसतो," आबांनी आपलं मत दिलं.

खरी गोष्ट त्यानंतर घडली. लोक पांगत होते आणि टोळक्याने धनराजला दारात गाठलं होतं.

"काय घेतलंस रे? दाखव ना!"

"काही नाही."

"असं कसं काही नाही? गंडवलं ना तिने? खिसा दाखव!"

एकाने त्याचा हात धरला होता. धनराज खिसा घट्ट दाबून उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. हर्षाली आबांचा हात धरून तिथूनच चालली होती. ती थांबली. बसलेल्या घशातून जमेल तेवढा आवाज काढून ती म्हणाली, "गंडवलं? मी? यानेच लुटलं मला! माझं सगळ्यात भारी कार्ड नेलं. एवढा हुशार माणूस मी पाहिला नाही. यापुढे याच्याशी मी कधीच सौदा करणार नाही!"

टोळकं आ वासून बघत राहिलं. मग एकदम ओरडलं, "भारी रे धन्या!" आणि त्यांनी त्याला पाठीवर थापा मारून मारून हैराण केलं. खिशाचं सगळे विसरले. धनराज त्यांच्या डोक्यांवरून हर्षालीकडे बघत होता. त्याने हात वर केला आणि बोटं मिटून झाकली मूठ दाखवली.

बाहेर आल्यावर आबा रस्त्यात थांबून हसायलाच लागले. "मी आयुष्यभर दलाली केली," ते म्हणाले, "पण असा सौदा मलाबी जमला नसता, हर्षे."

हर्षाली हसली नाही. "आबा, सकाळी मी फार वाईट बोलले तुम्हाला."

"लय वाईट बोललीस."

"मग? रागावला नाहीत?"

"रागावलो ना. आता पिंपळगावपर्यंत बसमधी तुझ्याशी बोलणार नाय," असं म्हणून त्यांनी बस सुटायच्या आतच तिला ओल्या शेंगा घेऊन दिल्या आणि सबंध रस्ताभर बडबडत राहिले.

त्यानंतर दीपक दरवर्षी स्पर्धेच्या आधी फोन करतो. "आजोबांना आणि पंच्याला घेऊन या." हॉलच्या एका कोपऱ्यात आमच्यासाठी टेबल असतं. भांडणारी, लाजणारी, मित्रांना घाबरणारी मुलं तिथे येतात आणि माझ्याखाली हात घालतात. गेल्या वर्षी आबांचे गुडघे जास्तच दुखत होते, तेव्हा मधला हात हर्षालीने धरला. तिचा हात थोडा लहान आहे, पण पक्का आहे. कोणी काय मागितलं हे तिला विचारून बघा. एक अक्षर सांगणार नाही.

मित्रांनो, मी जुना झालो आहे. मला गरम पाण्यात उकळू नका, माझे धागे आता तग धरत नाहीत. सायकलची चेन पुसायला दुसरं काहीतरी शोधा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. आणि आणखी एक. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत, कोणीतरी एक मुलगा किंवा मुलगी खिसा घट्ट दाबून उभी असेल. तिच्या खिशात काय आहे ते बघायला हात घालू नका. जमलं तर तिच्या बाजूने एवढ्या मोठ्याने बोला की बाकीचेही बघायचं विसरून जातील.